खालचा सूर कुणी वाजवायचा

१२ जून

आत्या,

नमस्कार करते, पण मान वर करून नाही. का ते पुढे वाचशीलच.

मागच्या शनिवारी शोकसभागृहात माझ्या हातून घोटाळा झाला. एक बसचालक वारले होते. त्यांच्या बायकोने सांगितलं होतं की ते आंघोळ करताना एक संथ चाल शिट्टीवर वाजवायचे, तीच वाजवा. ती आम्हाला पाठ आहे. मायनरमधली, उदास. बाबा आणि मी ती कितीतरी वर्षं वाजवतोय, मी पियानोवर आणि ते त्यांच्या त्या माणसाएवढ्या डबल बासवर. त्या दिवशी बाबा तापाने घरी होते. म्हणून मी एकटीनेच वाजवली.

आत्या, मी नेहमीचंच वाजवलं. बोटं नेहमीच्याच जागी पडत होती. थोड्या वेळाने समोर बघते तर पहिल्या रांगेत त्या चालकाची बहीण तोंडावर रुमाल दाबून हसत होती. रडत नव्हती, हसत होती. बायकोने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि उठून सरळ बाहेर निघून गेली. तिच्या मागोमाग बाकीचेही उठले. मी चाल अर्धवट सोडली आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले.

सोमवारी तक्रार आली. 'माझा माणूस गेला आणि तुमच्याकडची बाई हॉटेलात चहाच्या वेळी वाजवतात तसं वाजवत बसली.' आमचे व्यवस्थापक भले आहेत, पण त्यांनाही वरच्यांना उत्तर द्यावं लागतं. मला म्हणाले, "बाई, उदास गाणं आनंदी कसं झालं ते मला लेखी द्या. वरचे टपलेलेच आहेत. दोन माणसं कशाला, गाणी वाजवणारं यंत्र लावा म्हणतात."

आता मी काय लिहून देऊ? मला कानाने येतं, पुस्तकाने येत नाही. तू पुस्तकाने शिकवायला बसवलंस तेव्हा मी खिडकीतून पळाले होते, तेव्हापासून तू मला खार म्हणतेस. डाव्या हाताला मी सी, ई, जी, बी हे सूर एकदम घेतले होते. बाबा त्या कॉर्डला ए मायनर नाइन्थ म्हणतात. मग मायनर असून ती हॉटेलासारखी का वाजली?

फोन करणार होते, पण तुझ्याशी फोनवर बोलताना माझी जीभ टाळ्याला चिकटते.

बाबा आता बरे आहेत. मी तुला लिहिलंय हे त्यांना कळवू नकोस. उगाच मनाला लावून घेतील.

तुझी खार


१७ जून

खारूताई,

पत्र मिळालं. अक्षर सुधारलेलं नाही.

आता नीट वाच. ए मायनर नाइन्थमध्ये सूर पाच: ए, सी, ई, जी, बी. तू घेतलेस चार. ए कुठे आहे? ए तुझ्या बापाकडे होता. बास सोबत असला की पियानोवाल्याने तळाचा सूर घ्यायचा नाही, हा तुमच्या धंद्यातला रिवाज, आणि चांगला रिवाज आहे. एका पाटावर दोघांनी बसू नये. पण पाटावरचा माणूस घरी तापाने पडलेला असताना पाट रिकामा ठेवायचा नसतो.

ए गेला की उरतं सी, ई, जी, बी. ही सी मेजर सेव्हन्थ आहे. मऊ, गोड, पाय लांब करून बसलेली. हॉटेलातली, आणि अगदी चहाच्या वेळची. त्या बाईने तक्रारीत एक शब्द चुकीचा लिहिलेला नाही. तिचा कान तुझ्यापेक्षा चोख आहे.

हे का होतं तेही समजून घे, म्हणजे पुन्हा विचारावं लागणार नाही. घरातली माणसं तीच राहतात, पण कर्ता बदलला की घराचं वळण बदलतं. ए मायनर सेव्हन्थ घे: ए, सी, ई, जी. आता ए उचलून वर ठेव आणि सी तळाला बसव. याला उलटी कॉर्ड म्हणतात. सूर एकही बदलला नाही, तरी लोक तिला सी सिक्स्थ म्हणून ओळखतील आणि खुशाल नाचतीलही. साधी तीन सुरांची मायनर कितीही उलटी केलीस तरी मायनरच राहते, जरा डळमळते इतकंच. पण माणसं वाढवत गेलीस, सातवा आणला, नववा आणला, अकरावा आणला, की वरच्या गर्दीत दुसरंच एक कुटुंब तयार होतं. ते मेजर असतं आणि संधीची वाट बघत असतं. त्याला दाबून ठेवतो तो तळाचा सूर.

एवढी वर्षं या धंद्यात काढून हे तुझ्या लक्षात आलं नाही? की डोक्यात बाप वाजत होता आणि तू तोच ऐकत बसलीस? मला वाटतं, यातलं दुसरं खरं.

रोज सकाळी बाराही मायनर नाइन्थ घे. आधी तळासकट, मग तळ काढून. आवाजात फरक पडतो त्या जागी थांब आणि त्याची लाज वाटू दे. लाजेसारखा शिक्षक नाही.

खर्ज्याला काय झालं होतं? तापासाठी घरी बसणाऱ्यातला माझा भाऊ नाही. तेरा वर्षांचा असताना त्याचा आवाज एका रात्रीत खाली गेला, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला खर्ज्या म्हणून चिडवलं, तरी दुसऱ्या दिवशी शाळेच्या समूहगानात जाऊन उभा राहिला. म्हातारा होत चाललाय, दुसरं काय.

व्यवस्थापकांना लेखी हवं आहे आणि तुझ्याकडून ते होणार नाही. मी आजच परस्पर लिहून टाकलं. नक्कल सोबत आहे. आभार मानत बसू नकोस, सराव कर.

आत्या


(नक्कल)

१७ जून

माननीय व्यवस्थापक, शोकसभागृह, यांस

महोदय,

मी संगीतशास्त्राची निवृत्त अध्यापिका असून आपल्याकडील पियानोवादिका माझी भाची आहे. नाते आधीच सांगते, म्हणजे माझ्या मतातून त्याची वजावट करून घेता येईल. मात्र पुढील विधाने मताची नसून शास्त्राची आहेत.

आपण ज्या सभेबद्दल खुलासा मागितला आहे, त्या सभेत वाजवलेल्या कॉर्डमध्ये चूक नव्हती. तिचा सर्वांत खालचा सूर तेवढा वाजला नाही. तो सूर वाजवणे हे डबल बासचे काम असते. बासवादक त्या दिवशी आजारपणामुळे गैरहजर होते. खालचा सूर नसेल तर अशी मायनर कॉर्ड ऐकणाऱ्याला मेजर वाटते, म्हणजे उदास न वाटता प्रसन्न वाटते. बास वाजला असता तर ही तक्रार उद्भवलीच नसती, हे मी खात्रीने सांगते.

खात्री करून घ्यायची असल्यास ती चाल एकदा बाससह व एकदा बासविना ऐकावी. शास्त्राचे ज्ञान नसलेल्या माणसालाही फरक कळेल.

आपली विश्वासू,
(सही)


२६ जून

आदरणीय बाई,

आपले पत्र मिळाले. मी ते वरिष्ठांना वाचून दाखवले. गेली कित्येक वर्षे सभागृह चालवत असूनही या गोष्टी मला कोणी समजावून सांगितल्या नव्हत्या. आपला आभारी आहे.

एक गोष्ट मात्र जुळेना. आपण लिहिता की बासवादक त्या दिवशी गैरहजर होते. ते हजर होते. मी स्वतः फुलदाणी बाजूला सरकवून त्यांना जागा करून दिली होती. पूर्ण वेळ ते वाद्यापाशी उभे होते आणि त्यांचा गज तारांवरून फिरत होता. तो मी पाहिला, इतरांनीही पाहिला.

आपले शास्त्र खरे असेल, आणि ते खरे असणार, तर बास वाजत नव्हता. गज फिरत होता आणि आवाज येत नव्हता. हे ध्यानात आल्यावर मला ते तसेच सोडता येईना.

मी त्यांना मंगळवारी सकाळी बोलावले. सफाई कामगारांखेरीज तिथे कोणी नव्हते. आपण सुचवल्याप्रमाणे म्हटले, "तीच चाल एकदा तुम्ही एकट्याने वाजवून दाखवा." त्यांनी गज तारेवर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग खाली घेतला, वाद्यावर खोळ चढवली आणि मला विचारले, "हे इथेच ठेवू की घेऊन जाऊ?" ते वाद्य घेऊन गेले. मदतीला मी माणूस देत होतो, त्यांनी घेतला नाही.

आपण इतके स्पष्ट लिहिले नसते तर हे माझ्या लक्षात आले नसते.

पुढच्या महिन्याच्या अखेरीस यंत्र बसवण्याचा निर्णय होईल. आपल्या भाचीविषयी माझ्या मनात काही किल्मिष नाही.

आपला नम्र,
व्यवस्थापक


२९ जून

आत्या,

तू लिहायला नको होतंस. मला विचारायला हवं होतंस. आता दोन्ही वाक्यांचा काही उपयोग नाही, तरी लिहिते.

बाबांना ताप नव्हता. मी तुझ्याशी खोटं बोलले. हिवाळ्यात एके सकाळी ते उठले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची बोटं बधिर झाली होती. डॉक्टर म्हणाले, डोक्यातल्या एका बारीक रक्तवाहिनीचं काम आहे, थोडक्यात निभावलं. बोलणं ठीक, चालणं ठीक, उजवा हात ठीक. फक्त डाव्या बोटांना तार दाबल्याचं कळत नाही. सूर भलतीकडेच जाऊन पडतो. तुला कळवू या म्हटलं तर म्हणाले, "ताईला कळलं की ती डॉक्टरला पण धडा देईल."

सुट्टी घ्या म्हटलं. ते म्हणाले, बास गेला की यंत्र आलं, आणि यंत्र आलं की तूही गेलीस. मग त्यांनीच तोड काढली. गजाला राळ लावली नाही तर तो तारेवरून नुसता घसरतो, आवाज निघत नाही. त्यांनी राळ लावणं बंद केलं. समोरून बघणाऱ्याला माणूस वाजवताना दिसतो. खालचा सूर मी माझ्या डाव्या हातात घ्यायला लागले. सगळा हिवाळा आणि उन्हाळा तसाच गेला. कुणाला पत्ता लागला नाही.

त्या शनिवारी ती चाल निघाली. आमची सगळ्यात जुनी. माझा हात जुन्या सवयीने जुन्या जागी गेला, आणि तू लिहिलंस ते खरं आहे. माझ्या डोक्यात बाबा वाजत होते. मला ए ऐकू येत होता, आत्या. मी शपथेवर सांगितलं असतं की तो वाजतोय.

आता घरातली स्थिती सांगते. बास खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा आहे, शिक्षा केलेल्या मुलासारखा. बाबा सकाळी कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायला जात नाहीत, कारण तिथे सभागृहाचा माळी भेटतो. जेवताना माझ्याशी हवापाण्याचं बोलतात. तुझं नाव एकदाच काढलं. म्हणाले, "ताईने मला पकडून दिलं, आणि तेही काय सुरेख भाषेत."

तुला दोष देण्याइतकी मी स्वच्छ नाही. खोटं माझं होतं. तू फक्त ते खरं धरून पुढे गेलीस.

खार


३ जुलै

खारे,

पत्र मिळालं. खर्ज्यासाठी तीन पत्रं लिहिली आणि फाडली. तिन्हींत मी कुठे ना कुठे बरोबर ठरत होते.

मला कळव: उजव्या हातात जोर पूर्वीइतकाच आहे का? गज सरळ चालतो का? आणि तो आता राळ लावायला तयार होईल का, हे त्याला न विचारता तुझ्या अंदाजाने सांग.

आत्या


१४ जुलै

खारे,

तुझं उत्तर पोचलं. हात चालतो म्हणतेस, मग ऐक.

सोबत पानं पाठवत आहे. तुम्ही जास्तीत जास्त वेळा वाजवता त्या सगळ्या चाली आहेत. बासला चार तारा: ई, ए, डी, जी. मोकळी तार वाजवायला डाव्या हाताचं बोट लागत नाही, नुसता गज पुरतो. म्हणजे त्याच्याकडे चार सूर अजून शाबूत आहेत. चार सुरांत काय होणार असं तू म्हणशील. सरळ कॉर्डच वापरायच्या म्हटल्या तर फारसं होत नाही. पण कॉर्डने स्वतःच्याच सुरावर उभं राहिलं पाहिजे असा कुठे कायदा आहे? एफची कॉर्ड आली की त्याने ए वाजवावा, तो तिच्यातच आहे. सीची आली की ई, नाहीतर जी. सगळ्या चाली मी ए मायनर, ई मायनर आणि डी मायनरमध्ये आणून ठेवल्या आहेत. आता अशी एकही जागा उरली नाही जिथे त्याच्या चार तारांपैकी एक तार तळाला चालणार नाही. मी प्रत्येक ओळ तपासली आहे. जिथे उदास मायनर सातव्या-नवव्या सुरांसकट येते, तिथे मात्र तिचा स्वतःचाच सूर तळाला आहे. तिथे मी तडजोड केलेली नाही. ती केली की काय होतं ते आपण पाहिलं.

उलट्या कॉर्ड जरा डळमळतात. डळमळू देत. शोकसभेत कोण ठाम उभं असतं?

तू ही पानं तुझ्या अक्षरात उतरवून घे आणि मूळ पानं जाळून टाक. त्याला सांग की तू केलीस. माझं नाव काढलंस तर तो हातही लावणार नाही.

तुला शिकवायला बसवलं होतं तेव्हा मी खिडकीला कडी घातली होती, असं आठवतं. नको होती घालायला.

आत्या


२१ जुलै

आत्या,

पानं उतरवली. काल बाबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि सगळी वाचली, वर्तमानपत्र वाचतात तशी, कडेच्या जाहिरातींसकट.

"हे तू केलंस?"

"हो."

"बरं."

मग चष्मा काढून पानं बाजूला ठेवली. मला वाटलं संपलं. तर म्हणाले, "राळेची डबी कुठे ठेवलीस?"

बास अजून वाजवलेला नाही. पण भिंतीकडून वळवून ठेवलाय. आज सकाळी स्वच्छ सदरा घालून बाहेर पडले. कुठे ते सांगितलं नाही. माळ्याशी बोलताना मी त्यांना खिडकीतून पाहिलं.

खार


९ ऑगस्ट

ताई,

हे पत्र उजव्या हाताने लिहितोय, म्हणजे काळजीचं कारण नाही.

पानं तुझी आहेत हे पहिल्याच ओळीत कळलं. पोरीने स्वतःच्या अक्षरात काढली होती, तरीही. प्रत्येक उलट्या कॉर्डनंतर तू मला नेऊन सरळ कॉर्डवर उभं करतेस. लहानपणी रस्ता ओलांडताना असाच हात धरायचीस, पलीकडे पोचल्याशिवाय सोडायची नाहीस. आमच्या पोरीला एवढा धीर कुठून येणार. ती दोन ओळींनी मला मध्येच सोडून पुढे गेली असती.

पण आधी दुसरं सांगायचं आहे.

पानं मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकांकडे गेलो आणि माझ्या तोंडाने सगळं सांगितलं. तुझं सांगून झालं होतं, पण ते तुझं सांगणं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी त्यांच्याकडून त्या चालकाच्या बायकोचा पत्ता घेतला. ते म्हणाले, "कशाला जाता, उगाच बोलणी खाल." मी म्हटलं, तेवढ्यासाठीच.

बाई जिन्यात उभी राहून पायपुसणी झटकत होती. मी ओळख सांगितली. तिने झटकणं थांबवलं नाही.

"तुम्ही तो मोठा तंबोरा वाजवणारे ना?"

"वाजवणाराच. पण त्या दिवशी वाजवत नव्हतो."

"मग काय करत होता?"

"वाजवल्यासारखं करत होतो."

आता ती थांबली. मी हाताचं सांगितलं, राळेचं सांगितलं, माझा सूर नव्हता म्हणून गाणं बदललं तेही सांगितलं. वाटलं आता पायपुसणी तोंडावर बसेल. ती म्हणाली, "माणूस एकदाच जातो हो. दुसऱ्यांदा नीट वाजवीन म्हणायची सोय नसते."

ताई, मी म्हटलं, खरं आहे.

मग तिने विचारलं, "म्हणजे ते गाणं खरंच तसं वाजलं? हसरं?"

"हो."

"माझ्या नणंदेला मी त्या दिवसापासून दारात उभं केलं नाही. ती रडत सांगत होती, वहिनी, मला कळलंच नाही, दादा आंघोळीतून शिट्टी मारत बाहेर आल्यासारखा वाटला, हसूच फुटलं. मी म्हटलं, भावाच्या मढ्यावर हसलीस, खोटं तरी बोलू नकोस." ती पायरीवर बसली. "आता हे तिला कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"मी का म्हणून? तुमचं काम आहे. दोन गल्ल्या सोडून राहते. शिवणकाम करते, पाटी आहे बाहेर."

म्हणून मला त्याच दुपारी तेच सगळं पुन्हा एकदा सांगावं लागलं, शिलाई मशीनच्या आवाजात. पहिल्यांदा लाज वाटली तेव्हा वाटलं होतं, याहून जास्त वाटू शकत नाही. वाटते. नणंदबाई पायाने मशीन चालवत ऐकत होती. माझं सांगून झालं तेव्हा मशीन बंद होती आणि कापड सुईखाली तसंच होतं.

ती म्हणाली, "म्हणजे माझ्यात काही बिघाड नव्हता?"

"नाही. बिघाड माझ्यात होता."

"मी रोज स्वतःला विचारते की मी कसली बहीण. आरशात तोंड बघवत नाही." मग तिने डोळे पुसले आणि दरडावून म्हणाली, "एवढे दिवस काय करत होता तुम्ही?"

भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, हे मी तिला सांगितलं नाही. बास बसला होता असंही म्हणता आलं असतं, पण ते खरं नाही.

मी तिच्या दारातून निघालो तेव्हा ती चपला घालत होती. वहिनीकडे गेली की नाही ते माहीत नाही. मागे वळून बघायचा मला हक्क नव्हता.

आता सभागृहाचं. यंत्राचा निर्णय व्यवस्थापकांनी पुढच्या महिन्यावर ढकलला. म्हणाले, एकदा वाजवून दाखवा, पण ज्या सभेत तक्रार करायला कोणी नसेल अशा. मागल्या गुरुवारी तशी सभा होती. एक म्हातारे गृहस्थ, मागे कोणी नाही. समोर व्यवस्थापक, माळी आणि रिकाम्या खुर्च्या. मी राळ लावली. चार तारांवर वाजवलं, तुझ्या पानांप्रमाणे. डावा हात नुसता बासच्या मानेवर ठेवला होता, वाद्य पडू नये म्हणून. कुणाला दाखवण्यासाठी नाही. पोर मध्ये एकदा चुकली, मी नाही चुकलो. माळ्याने टोपी काढली. व्यवस्थापकांनी यंत्राचं अजून काही ठरवलेलं नाही. येत्या शनिवारी नातेवाईक असलेली सभा आहे, तिथे उभं राहायला सांगितलंय, आणि सुरुवातीला मीच उठून सांगायचं आहे की मी चारच सूर वाजवतो. ही अट माझी आहे.

आता तुझ्याबद्दल. तू व्यवस्थापकांना लिहिलंस त्याचा मला राग आला, पण टिकला नाही. खरं तर कुणीतरी पकडावं म्हणून मी वाटच बघत होतो. रोज परक्यांच्या दुःखासमोर उभं राहून खोटा गज फिरवणं सोपं नसतं, ताई. राग आहे तो नंतरचा. तू पानं पोरीच्या नावाने पाठवलीस. मूळ पानं जाळायला सांगितलीस. तिने जाळली नाहीत, मी विचारल्यावर माझ्यापुढे ठेवली, पण तो मुद्दा नाही. मुद्दा हा की तूही दुसऱ्याच्या हाताआड जाऊन उभी राहिलीस. तिथे उभं राहून कसं वाटतं ते मला विचार. हिवाळा आणि उन्हाळा काढलाय मी तिथे.

खर्ज्या


१२ ऑगस्ट

खर्ज्या,

पत्र मिळालं. उभ्यानेच वाचलं.

पानं पोरीच्या नावाने पाठवली कारण तू ती परत पाठवशील, असं मी स्वतःला समजावलं होतं. ते खरं नाही. 'ताई, तू कशाला लिहिलंस' हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. व्यवस्थापकांना लिहिलं तेही पोरीसाठी नाही. ते पत्र लिहून झाल्यावर मी मोठ्याने वाचलं होतं, आणि ते इतकं चांगलं झालं होतं की मी स्वतःसाठी कपभर चहा केला. तापाने घरी बसणाऱ्यातला तू नाहीस हे त्याच दिवशी मी पोरीला लिहिलं होतं. माझ्याच हाताने. तिथे थांबून एकदा विचार केला असता तर पुरे होतं. पण थांबले असते तर पत्र त्या दिवशी गेलं नसतं.

शनिवारच्या सभेला येते. मागे बसणार नाही. सभा संपली की तू वाद्यावर खोळ चढवशील तेव्हा मी तुझ्यासमोर येऊन उभी राहीन, आणि मला काही बोलायचं आहे. पोरीला तेव्हा बाहेर पाठवू नकोस, तिच्यादेखत बोलायचं आहे.

काय बोलायचं ते जुळवते आहे. पहिलं वाक्य अजून जमलेलं नाही. प्रवास लांबचा आहे, बघू.

ताई